खुब्याचा सांधा काढल्यावर चालायचं कसं?

पत्राचा सारांश: इंदूरच्या एक निवृत्त शिक्षिका लिहितात: माझं वय 61. तीन वर्षांपूर्वी ओल्या फरशीवर घसरून पडले, उजवा खुबा मोडला आणि कृत्रिम सांधा बसवला. वर्षभरात आत जंतुसंसर्ग झाला. दोनदा उघडून धुतलं, तरी पू थांबेना. शेवटी गेल्या पावसाळ्यात सांधा काढूनच टाकला. त्या जागी काही बसवलेलं नाही. जखम आता कोरडी आहे, अँटिबायोटिक बंद होऊन पाच महिने झाले. पाय दीड-पावणेदोन इंच आखूड झालाय. घरात वॉकर वापरते. बाहेर जायचं तर हे माझा उजवा दंड धरतात. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, त्यामुळे दवाखान्याशिवाय उतरणं नाहीच. पहिल्या ऑपरेशननंतर सांगितलेली पथ्यं अजून पाळते: मांडी घालायची नाही, खाली वाकायचं नाही, झोपताना दोन पायांत उशी. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, आई, इकडे ये, नवा सांधा बसवून टाकू. डॉक्टर म्हणतात, बसवता येईल पण धोका आहे, असंच चालू दिलं तरी हरकत नाही. सून म्हणते, आता कुठे जाऊच नका. मला भीती वाटते की सांधाच नसलेल्या पायावर भार टाकला तर आत काहीतरी मोडेल. मी पुन्हा चारचौघांसारखी चालेन का, की आता पलंग आणि खुर्ची?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नात दोनच पर्याय आहेत, चारचौघांसारखं चालणं किंवा पलंग. माझी बरीच वर्षं हाडांच्या रुग्णांना चालवण्यात गेली. सांधा काढलेली माणसंही त्यांत होती, आणि त्यातली बहुतेक या दोन्हींच्या मधल्या जागेत राहत होती. ती लंगडत होती, हातात काठी होती, आणि भाजी आणत होती, देवळात जात होती, लग्नाला जात होती. ही मधली जागा तुम्हाला कुणी दाखवलेलीच दिसत नाही. आधी तिच्याबद्दल बोलू. नव्या सांध्याचं नंतर.

भीतीपासून सुरुवात करते. तुमच्या खुब्यात आता मांडीच्या हाडाचं गोल डोकं नाही, मानही नाही. हाडाचं वरचं टोक आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये स्नायू आणि जखम भरताना तयार झालेली चिवट, दोरीसारखी ऊती आहे. भार ती पेलते. वर्ष होत आलं म्हणजे ती बऱ्यापैकी घट्ट झालेली असणार. पाय टेकवताना किंचित वर सरकल्यासारखं वाटतं, कधी कट्ट आवाज येतो. हे या ऑपरेशननंतर नेहमीचं आहे, त्याने काही मोडत नाही. सर्जननी भार टाकायला परवानगी दिली असेल (वर्षभराने बहुधा दिलेली असतेच, पण तोंडी विचारून घ्या), तर पाय टेकवायचा. न टेकवल्याने स्नायू झिजतात, हाड ठिसूळ होतं आणि चांगल्या पायावर जास्त ताण येतो.

या ऑपरेशनला डॉक्टर गर्डलस्टोन म्हणतात. ऑक्सफर्डचे अस्थिशल्यविशारद गर्डलस्टोन (1881–1950) यांचं हे नाव. कृत्रिम सांधे रुळण्याच्या कितीतरी आधी क्षयाने किंवा पुवाने खराब झालेला खुबा ते असा काढत. आपल्या देशात खुब्याच्या क्षयासाठी हे ऑपरेशन फार वापरलं गेलं, आणि त्याचं एक कारण तुमच्या कामाचं आहे. यानंतर माणसाला मांडी घालून बसता येतं, उकिडवं बसता येतं. जमिनीवर जगणाऱ्या माणसांना आखूड पण वाकणारा पाय हा ताठ पायापेक्षा बरा वाटायचा.

आता तुमची पथ्यं बघा. मांडी नको, वाकणं नको, पायांत उशी, ही सगळी पथ्यं कृत्रिम सांधा खोबणीतून निसटू नये म्हणून असतात. तुमच्या आत आता निसटायला सांधाच नाही. गेलेल्या सांध्याचे नियम तुम्ही वर्षभर पाळताय. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटली, कारण हे सांगायला एक मिनिट लागलं असतं. पुढच्या भेटीत सर्जनना सरळ विचारा, "ही बंधनं आता उठली का?" काहींच्या खुब्यात अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात, त्यांचे नियम वेगळे. तुमच्याकडे तो नाही असं पत्रावरून दिसतं, तरी एक्स-रे दाखवून खात्री करा. त्यांनी हो म्हटलं की फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आधी पाटावर, मग जमिनीवर बसून बघा. उठताना भक्कम खुर्ची समोर ठेवा.

लंगडण्याबद्दल मात्र खरं सांगायला हवं. ते जाणार नाही. खुब्याच्या बाजूचे स्नायू कंबर तोलून धरतात, पण त्यांना ओढायला एक टेकू लागतो आणि तो टेकू म्हणजे सांधा. खीळ निघालेल्या अडकित्त्याची पाती कितीही धारदार असली तरी सुपारी फुटत नाही, तसं या स्नायूंचं झालंय. म्हणून प्रत्येक पावलाला अंग उजवीकडे झुकतं. व्यायामाने झोल कमी होईल, दम वाढेल, पण चाल सरळ होणार नाही. शिवाय या चालीला शक्ती जास्त लागते. चार खोल्या फिरून तुम्ही दमता त्यात आळस नाही. सूनबाईंनाही हे सांगा, म्हणजे तुम्हाला दमलेलं बघून त्या घाबरणार नाहीत.

यजमानांनी धरलेली बाजू चुकतेय. काठी, किंवा माणसाचा हात, दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला हवा. तुमचा उजवा खुबा गेलाय, तर काठी डाव्या हातात. आखूड पाय आणि काठी एकदम पुढे, मग चांगला पाय. असं केलं की बाजूच्या स्नायूंचं थोडं काम डावा हात करतो आणि झोल तिथल्या तिथे कमी दिसतो. उजव्या हातात काठी धरून उजव्या पायाबरोबर टाकली, तर अंग आणखी उजवीकडे पडतं. घरात सगळ्यांनाच वाटतं की दुखतंय तिकडून धरावं, आणि म्हणून ही चूक घरोघरी होते. काठीची उंची मोजायला चप्पल घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. मनगटाच्या घडीशी मूठ आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदलायचं. स्वस्त असतं, आणि ते न बदलल्याने लोक पडतात.

वॉकर हे सुरुवातीचं साधन होतं. तो उंबऱ्यावर अडतो, जिन्यावर निरुपयोगी असतो आणि दोन्ही हात अडवून ठेवतो, मग कपभर चहासुद्धा दुसऱ्याने आणून द्यावा लागतो. तुमच्यासाठी मी घरात एक काठी आणि बाहेर दोन कोपराच्या कुबड्या सुचवेन, ज्यांना दुकानदार एल्बो क्रच म्हणतात. काखेतल्या कुबड्या घेतल्याच तर भार तळहातावर ठेवा. काखेत लटकलं तर हाताच्या नसा दबतात. आणि हा बदल फिजिओथेरपिस्टसमोर करा, मनाने नाही.

आता चप्पल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रात आखूड पायाचा उल्लेख आहे पण उंच तळव्याचा नाही. चार सेंटिमीटरच्या आसपास फरक घेऊन तुम्ही वर्षभर चालताय. कंबर दुखत असेलच, डावा गुडघाही कुरकुरत असेल.

उंची टेपने मोजून भागत नाही. उभं राहून आखूड पायाखाली पातळ फळ्या सरकवत जायच्या, कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत येईपर्यंत. तेवढी पूर्ण उंची मात्र द्यायची नाही. साधारण एक सेंटिमीटर कमी ठेवतात, नाहीतर पाय पुढे टाकताना जमिनीला अडतो. म्हणजे तुम्हाला तीन सेंटिमीटरच्या आसपास. बुटाच्या आत जास्तीत जास्त एक सेंटिमीटर मावतं, बाकीचं बाहेरून तळव्याला लावावं लागतं. एकदम तीन नको. दीडपासून सुरू करा, कमरेला सवय होऊ द्या, मग वाढवा. वजनाला हलकं एमसीआर रबर (बारीक छिद्रांचं, मऊ) मागा, टाचेमागे पट्टा हवाच. कृत्रिम अवयव आणि कॅलिपर करणाऱ्या कार्यशाळेत हे काम नीट होतं, पण माप लिहून दिलं तर चांगला चांभारही करून देतो. पहिल्या वर्ष-दीड वर्षात पाय आणखी थोडा आखडू शकतो, तेव्हा काही महिन्यांनी पुन्हा मोजा.

आणि ही चप्पल घरातही घालायची. इथे आपली मराठी घरं अडतात. बाहेर दोन तास उंच तळवा आणि घरात बारा तास अनवाणी, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. स्वयंपाकघरात आणि देवघरात चप्पल कशी चालेल, हा प्रश्न तुमच्या मनात येणार हे मला माहीत आहे. वेगळा जोड करा, कधीही उंबऱ्याबाहेर न गेलेला, रोज पुसता येणारा. पूजा खुर्चीवर बसून करा आणि तेवढ्यापुरता तो जोड काढून ठेवा. स्वयंपाकाच्या ओट्याशी मात्र तो पायात हवाच, कारण तिथे तुम्ही सर्वांत जास्त वेळ उभ्या असता.

जिना. चढताना चांगला, म्हणजे डावा पाय आधी, मग आखूड पाय आणि काठी. उतरताना काठी आणि आखूड पाय आधी, मग चांगला. कठडा असेल त्या हाताने कठडा धरा, काठी दुसऱ्या हातात. यजमानांनी दंड ओढायचा नाही. चढताना तुमच्या मागे एक पायरी खाली आणि उतरताना तुमच्या पुढे एक पायरी खाली उभं राहायचं. भिंतीच्या बाजूलाही कठडा बसवून घ्या. सोसायटीकडे परवानगी मागावी लागली तर मागा, इतर म्हाताऱ्यांनाही त्याचा उपयोग आहे. मधल्या वळणावर एक स्टूल ठेवलं की जिना अर्धा होतो.

न्हाणीघराचं तुम्हाला ठाऊक असेलच: बसून आंघोळ, कमोडशेजारी भिंतीत पक्की दांडी, फरशी कोरडी.

व्यायाम फिजिओथेरपिस्ट ठरवतील. तीन गोष्टी मात्र विसरू देऊ नका. दिवसातून दोनदा थोडा वेळ पालथं झोपणं, कारण सारखं खुर्चीत बसून खुबा पुढे वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि पाय आहे त्यापेक्षा आखूड होतो. नितंब आणि मांडीचे स्नायू आवळणं. आणि हातांचं बळ, कारण यापुढे तुमचे खांदे आणि मनगटंही चालणार आहेत.

याला जोडूनच एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी नुसतं घसरून खुबा मोडला, म्हणजे हाडं ठिसूळ असण्याची शंका घ्यायला हवी. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली आहे का? ड जीवनसत्त्व तपासलंय का? संसर्गाच्या धावपळीत हे मागे पडतं. डावा खुबा आता दोघांचं काम करतोय, त्याला जपणं हे उजव्याची काळजी घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता नव्या सांध्याबद्दल. मुलाचं म्हणणं चूक नाही. संसर्ग पूर्ण गेला असेल, हाड पुरेसं शिल्लक असेल, तर नवा सांधा बसवता येतो. पाय बराचसा लांब होतो, झोल कमी होतो. पण पहिल्या ऑपरेशनसारखं हे सरळ नसतं. स्नायू आखडलेले असतात, जुन्या जखमेतून वाट काढावी लागते, सांधा निसटण्याचा धोका जास्त असतो, आणि मुख्य म्हणजे संसर्ग पुन्हा उलटू शकतो. तसं झालं तर आज आहात तिथेच, एका मोठ्या ऑपरेशनची झीज सोसून, परत याल. आणि लंगडणं नव्या सांध्यानेही पूर्ण जाईलच असं नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. तुम्ही आज ज्या पायाला नावं ठेवताय, त्या पायाला अजून योग्य काठी मिळालेली नाही, उंच चप्पल मिळालेली नाही, नीट व्यायाम मिळालेला नाही आणि वर कालबाह्य पथ्यांची बेडी आहे. त्याची तुलना मुलाच्या मनातल्या उत्तम पार पडलेल्या ऑपरेशनशी होतेय. ही तुलना न्याय्य नाही. चार महिने या पायाला पूर्ण संधी द्या. त्यानंतरही बसल्याजागी दुखत असेल, रोजची कामं जमत नसतील, तर नवा सांधा हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. जमत असतील, तर फक्त चाल सरळ दिसावी म्हणून पुन्हा टेबलावर जाऊ नका. मुलाला आईचं लंगडणं बघवत नाही हे खरंच प्रेम आहे, पण ऑपरेशन करायला ते कारण पुरेसं नाही. ताप, जखमेतून स्राव, लाली किंवा अचानक वाढलेलं दुखणं यातलं काहीही दिसलं, तर मात्र चार महिने थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

सूनबाईंच्या काळजीला कामात वळवा. "जाऊ नका" ऐवजी त्यांना विचारू द्या की कसं जायचं. पहिली फेरी गल्लीच्या टोकापर्यंत, सकाळी, रस्ते मोकळे असताना. मग हळदीकुंकू. घरच्या बाईला आधी फोन करून सांगायचं की मला भिंतीशी टेकून एक खुर्ची ठेव. आपल्याकडे कुणी याला नाही म्हणत नाही. इंदुरात मराठी नाटकांचे प्रयोग होतात, तिथे वाटेकडेची अशी खुर्ची मागा की आखूड पाय मोकळ्या बाजूला पसरता येईल, आणि शेवटची गर्दी ओसरल्यावर उठा. रिक्षात पाठ करून आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. गणपतीत राजवाड्याच्या रेटारेटीत शिरू नका, गल्लीतल्या मांडवात आरतीला जा. पुण्याला जाताना स्टेशनवर व्हीलचेअर मागवा. लांबचं अंतर चाकांवर आणि जवळचं पायांवर, यात हार कसली? फलाटावर वाचवलेली ताकद नातवंडांबरोबर वापरता येते.

अपंगत्वाचा दाखला काढा. शब्द टोचतो, म्हणून तुमच्यासारख्या पुष्कळ जणी तो काढतच नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार वैद्यकीय मंडळाने 40 टक्के किंवा त्याहून जास्त ठरवलं की बहुतेक सवलतींना तुम्ही पात्र होता. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, तपासणीला जाताना ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे न्यायचे. जुन्या करप्रणालीत प्राप्तिकरात वजावट मिळते, साधनांसाठी सरकारी योजना आहेत. रेल्वेसाठी वेगळं ओळखपत्र लागतं का, ते स्टेशनवर विचारून घ्या.

आणि यजमानांचंही वय झालंय. तुम्ही त्यांच्याबद्दल फक्त "हे धरतात" एवढंच लिहिलंय. वर्षभर एका बाजूने तुमचा भार घेऊन त्यांची कंबर कशी आहे, विचारा एकदा. तुम्ही काठीवर आलात की त्यांनाही सकाळचं फिरणं परत मिळेल.

मुलाला फोन करून सांगा की ऑपरेशनची तारीख नको ठरवूस, इंदूरला ये. सांधा बदलाची दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा करायची अवघड ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या एखाद्या सर्जनची वेळ घ्या आणि सगळी कागदपत्रं, विशेषतः कोणता जंतू निघाला होता तो कल्चर रिपोर्ट, बरोबर न्या. अँटिबायोटिक थांबवल्यानंतरचे ईएसआर आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) काय सांगतात, खुब्यातलं पाणी काढून तपासायची गरज आहे का, हाड किती उरलंय, तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत आणि त्यातल्या किती जणांना पुन्हा संसर्ग झाला, आणि मी काहीच केलं नाही तर पाच वर्षांनी हा पाय कसा असेल, हे प्रश्न तिथे विचारायचे आहेत. विचारायचे तुम्ही. मुलाच्या हातात वही द्या, उत्तरं तो लिहून घेईल.